थूल सरांची दाबलेली यादी

थूल सरांनी माझ्या डब्यातली पोळी स्वतःच्या हातानं दुमडली, तेव्हा आमची ओळख जेमतेम तीन दिवसांची होती. तंत्रनिकेतनाच्या स्टाफरूममध्ये मी दुपारचा डबा उघडला होता. समोरून एक काडीसारखा हात आला. त्यानं माझी पोळी उचलली, तिची अर्धी घडी केली, मग पाव, मग आणखी एक, आणि ती डब्याच्या कडेला उभी करून ठेवली. मधे एवढी जागा मोकळी झाली की एक अख्खा कांदा मावला असता.

"वैरागडे," हाताचे मालक म्हणाले, "नाचणगावहून वर्ध्याले रोज हवा आणून राह्यले तुमी. उद्यापासून लहान डबा आणा."

मी परीक्षा विभागात कारकून. रोज सकाळी नाचणगावहून पुलगाव स्टेशन गाठायचं आणि तिथून पॅसेंजरनं वर्ध्याला यायचं, असा माझा क्रम. त्यात आपण हवा वाहून नेतो आहोत हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खरंच लहान डबा नेला. का नेला, ते आजही सांगता येत नाही.

देवराव थूल आमच्याकडे संगणक शिकवायचे. अंगानं इतके बारीक की एस.टी.त तिघांच्या सीटवर ते चौथे बसले तरी कुणी कुरकुर करायचं नाही. नावावरून कुणी थट्टा करायच्या आधी ते स्वतःच करायचे. "स्थूलातला स आमच्या पूर्वजायनंच काढून टाकला. तेवढीच जागा वाचली."

जगातल्या प्रत्येक वस्तूत हवा आहे आणि ती काढून टाकण्यासाठी आपल्याला नेमलं आहे, अशी त्यांची समजूत होती. बिस्किटाचा पुडा हातात आला की आधी त्याला टाचणी. फायलींचं कपाट दिसलं की डोळे बारीक. परीक्षा विभाग नव्या खोलीत न्यायचा होता तेव्हा उत्तरपत्रिकांसाठी प्राचार्यांनी मेटाडोर सांगितली. सरांनी आदल्या दिवशी सगळे गठ्ठे सोडले, नव्यानं बांधले, आणि मेटाडोरवाला आला तेव्हा अर्धी गाडी रिकामी राहिली. तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता, "बाकीचं सामान कुठी हाये, साहेब?"

बोलण्यातही तेच. त्यांचा रजेचा अर्ज असा असायचा: "ताप. दोन दिवस. थूल." प्राचार्यांनी एकदा तो 'सविस्तर लिहा' असा शेरा मारून परत पाठवला. सरांनी सविस्तर लिहिला: "फार ताप. दोन दिवस. थूल." आमचा जुना शिपाई वारला, त्या शोकसभेत सगळ्यांनी लांबलचक भाषणं केली. सर उठले, म्हणाले, "चांगला होता. खरंच होता," आणि खाली बसले. त्या दिवशी डोळ्यांना रुमाल लागले ते तेवढ्या चार शब्दांनी.

आता मूळ गोष्ट. दोन हजार सालानंतर दोनतीन वर्षांनी आमच्या प्राचार्यांना कॉलेजची वेबसाइट हवीशी वाटू लागली. एक जुनं मशीन संगणक विभागाच्या स्टोअररूममध्ये बसवलं, त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी एक बारीकशी लाइन आली, आणि साइट सुरू झाली. पहिल्या पानावर प्राचार्यांचा फोटो, आणि शेजारी गोल गोल फिरणारं कॉलेजचं बोधचिन्ह. त्या वर्षी प्रवेशाची यादी फलकावर लागलीच, पण साइटवरही, त्याच पहिल्या पानावर, टाकायची ठरली. आठशे-नऊशे पोरापोरींची नावं, गाव, तालुका, प्रवर्ग, मिळालेली शाखा. यादी टाइप केली मी, इंग्रजी अक्षरांत. लावलेली यादी सायंकाळी दिसायची आणि निवडलेल्यांनी दुसऱ्या दिवशी पाचच्या आत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, असा नियम.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीशी एक मुलगी उभी राहिली. मागे तिचे वडील, कपाळावर घाम. कारंजा घाडग्याचे बावणे. हायवेवरच्या ढाब्यावर ते स्वयंपाक करायचे. मुलीचं नाव रेखा. यादीत तिचं नाव होतं, अणुविद्युत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची शाखा मिळाली होती, आणि मुदत आदल्या दिवशी संपली होती.

"काल काऊन नाई आले?" मी विचारलं.

"सर, यादीच नाई दिसली," रेखा म्हणाली. "चांडकभाऊच्या नेटच्या दुकानात तीन तास बसलो. अर्धं पान यायचं आन् लाइन कटायची. पुन्हा लावायची, पुन्हा कटायची. माह्यं नाव शेवटून चौथं हाये."

नियमात काही करता येत नव्हतं. दहा दिवसांनी उरलेल्या जागांची दुसरी फेरी होती, तिचा अर्ज मी भरून घेतला. मी अर्ज कुठे ठेवतो आहे ते बावणे बघत राहिले. मी मान वर केली तर खिडकीच्या बाजूला थूल सर उभे. ते कशाला आले होते देव जाणे. ते त्या दोघांच्या पाठोपाठ फाटकापर्यंत गेले, तासाभरानं परत आले, आणि माझ्या टेबलावर बोट टेकवून म्हणाले,

"यादीत हवा हाये."

"मी टाइप केली आहे सर. सगळी नावं तपासली."

"नावं बराबर हायेत. मधली जागा पाहा. रकाने सरळ दिसाले पाह्यजेत म्हणून तुमी स्पेस दाबली. सात हजारांवर वेळा दाबली. मी मोजलं."

मला माझ्या अंगठ्याची लाज वाटली. मी यादी पुन्हा टाइप करायला तयार झालो, पण सरांनी हात हलवला. त्यांना मुळावरच घाव घालायचा होता. साइटवरून पान निघतानाच ते दाबून पाठवायचं आणि पोचल्यावर तिकडच्या कॉम्प्युटरनं ते उलगडायचं, अशी सोय असते म्हणे. मला ती त्यांनी हजेरीपटावर समजावली. "हे पाहा, इथं एकदा 'वर्धा' लिवलं. खाली काय करता तुमी?"

"डिट्टोची दोन टिंबं देतो."

"बस. थे मशीनही हेच करते. एकदा आलं थे पुन्हा लिवत नाई. वरच्यासारखं, इतकंच म्हणते. तुमच्या यादीत डिट्टोच डिट्टो हाये. दाबली तं आठवा हिस्सा राहीन."

प्राचार्यांची परवानगी लागणार होती. प्राचार्य या गोष्टीला बिचकले. "लोकांना कचरा दिसला तर? कॉलेजची अब्रू जाईल, थूल." मग त्यांना एक शंका आली. "आणि माझा फोटो? तोही दाबणार?"

"नाई साहेब," सर म्हणाले. "फोटो आधीच गच्च असते. तुमी दाबून दबत नाई."

प्राचार्य खुर्चीत सरळ झाले. आजवर त्यांच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. "तेही खरंच आहे," ते म्हणाले.

"म्हणून तुमाले वेगळं पान देतो. अख्खं. यादीच्या पानावर गर्दीत काऊन राह्यता?"

अशा रीतीनं फोटो आणि फिरतं बोधचिन्ह दोन्ही यादीच्या वाटेतून बाजूला झाले. अट एकच राहिली. एकाही ठिकाणाहून तक्रार आली तर सगळं जसं होतं तसं करायचं.

दाबायच्या पद्धती दोन होत्या. एकीचं नाव डिफ्लेट, दुसरीचं जीझिप. आतून दोघी सख्ख्या बहिणी, दाबण्याचं कसब एकच. फरक एवढाच की जीझिप आपल्या मालाच्या पुढेमागे मिळून अठरा अक्षरं जास्तीची जोडायची. अठरा! सरांचा जीव अर्थातच डिफ्लेटवर. "ही पोट्टी सडी निंघते," ते कौतुकानं म्हणायचे.

पण पुस्तकावर विसंबणारा हा माणूस नव्हता. त्यांनी खेळाच्या सरांकडून स्टॉपवॉच मागून घेतलं आणि जिल्हाभर फिरायला सुरुवात केली. कॉलेज सुटलं की एस.टी. धरायची आणि जिथे जिथे म्हणून इंटरनेटचं दुकान आहे तिथे जाऊन बसायचं. पहिला नंबर आमच्या नाचणगावचा. मीही बरोबर होतो. चौकातल्या दुकानात तीन कॉम्प्युटर. पहिल्यावर डिफ्लेटची यादी इतक्या झटक्यात आली की सरांना स्टॉपवॉच दाबायलाही वेळ मिळाला नाही. दुसऱ्यावरही आली. तिसऱ्यावर पांढरं पान. सरांनी पुन्हा उघडलं. पुन्हा पांढरं. त्याच मशीनवर जीझिपची यादी मात्र सुखरूप उतरली.

"तीनातल्या दोनाले तं चालते," मी धीर दिला.

"तिसऱ्यावर कोन बसन, थे तुमाले मालूम हाये काय?"

परत निघताना त्यांनी मला कारण सांगितलं. डिफ्लेट म्हणजे नेमकं काय, याबद्दल ब्राउझर बनवणाऱ्यांचंच आपसात एकमत नव्हतं, म्हणून कुठे ती उलगडायची आणि कुठे नाही. जीझिप सगळ्यांना कळायची. पण अठरा अक्षरं! ज्यानं आयुष्यभर पुड्यांना टाचण्या टोचल्या त्यानं आता जाणूनबुजून हवा पाठवायची. दोन दिवस ते स्टाफरूममध्ये जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "त्या अठरा अक्षरायत काय असते, पाह्यलं मी. शेवटी माल किती होता आन् बराबर पोचला का नाई, ह्याची खूण असते. म्हणजे रजिस्टर पोस्टाची पोच. राहू द्या. चालते तेवढं."

त्यांच्या तोंडून 'चालते' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पद्धत ठरली, तर मशीन अडून बसलं. सरांनी दाबण्याची पातळी सर्वांत वरची, नऊ नंबरची ठेवली होती. प्रयोगशाळेत वीस पोरं बसवली आणि 'उघडा' म्हणून हुकूम दिला. वीस जणांनी एकदम यादी मागितली आणि स्टोअररूममधल्या मशीननं असा आवाज काढला की शिपाई धावत आला. प्रत्येक मागणाऱ्यासाठी ते बिचारं अख्खी यादी नव्यानं दाबायला घेत होतं. पाच मिनिटांत मशीन गपगार. सर पातळी एकावर आणून बघत होते, मग पाचावर, मग पुन्हा नवावर. एकावर मशीन जगायचं पण यादी फुगायची. दुसऱ्या यादीला चार दिवस उरले होते.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच विचारलं. "सर, यादी तं सगळ्यायले तेच द्याची हाये ना? मंग दर वेळी नव्यानं काऊन दाबता? एकदाच दाबून ठेवा ना."

सर माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले. मला वाटलं, चुकलो.

"वैरागडे," ते म्हणाले, "तुमी कारकून काऊन झाले?"

नऊ नंबरनं, मशीनला हवा तितका वेळ देऊन, यादी एकदाच दाबली. ती तयार ठेवली. शेजारी साधी यादीही ठेवली. ज्याचा ब्राउझर 'मला दाबलेलं समजतं' असं सांगेल त्याला दाबलेली, बाकीच्यांना साधी. आता वीस पोरं बसवली तरी मशीन हूं की चूं करेना.

शेवटची चाचणी कारंज्याला. चांडकभाऊंचं दुकान हायवेला लागून, बाहेर ट्रकवाले एस.टी.डी.साठी उभे, आत चार कॉम्प्युटर आणि चौघांत मिळून एकच फोनची लाइन. पहिल्या कॉम्प्युटरवर यादी मस्त आली. सरांनी बोट दाखवलं तशी मी कोपऱ्यातल्या सगळ्यांत जुन्या कॉम्प्युटरवर उघडली. चौकोन, टिकल्या, उलटी प्रश्नचिन्हं, असं काहीतरी पडद्यावरून धावू लागलं.

"ये तो चिनी में आ गया, सर," चांडकभाऊ म्हणाले.

ते खोटं नव्हतं. चारही कॉम्प्युटरांना एक लाइन वाटून देणारा जो प्रोग्राम होता, तो पहिल्यासाठी आलेली दाबलेली यादी आपल्याजवळ ठेवून घ्यायचा आणि तीच जुन्या कॉम्प्युटरच्या हातात द्यायचा. त्याला ती उलगडता यायची नाही. मी म्हटलं, भाऊंनाच सांगू, हा जुना डबा बंद ठेवा त्या दिवशी.

"बंद काऊन? गर्दीत त्याच्यावरच कोणीतरी बसन," सर म्हणाले. तिथल्याच खुर्चीवर बसून त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली. यादीच्या पाकिटावर ती लावायची होती. तिचा अर्थ एवढाच, की ही प्रत ज्यानं जशी मागितली त्याच्यापुरती आहे, सरसकट सगळ्यांना वाटू नका. दुसऱ्या दिवशी ती ओळ चढवून ते एकटेच पुन्हा कारंज्याला गेले. मी फोनजवळ बसलो होतो. पाच वाजता फोन आला.

"कोपऱ्यातला आला," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरी यादी लागली त्या दिवशी सायंकाळी आम्ही स्टोअररूममध्ये दोन खुर्च्या टाकून बसलो. प्राचार्यही मधून डोकावून गेले. मशीनच्या पडद्यावर, कुणी कुठून यादी मागितली त्याच्या ओळी वर सरकत होत्या. दुकानांचे नंबर सरांनी फिरतानाच टिपून ठेवले होते, त्यावरून गाव कळायचं. पुलगाव. हिंगणघाट. समुद्रपूर. आर्वी. मग कारंजा. सर पडद्याजवळ सरकले. ती ओळ पूर्ण झाली, यादी शेवटच्या अक्षरापर्यंत गेली असं मशीननं लिहिलं. थोड्या वेळानं चांडकभाऊंचा फोन. "पोट्टी नाचून राह्यली इथं! आन् तिचे बाबूजी ढाबा सोडून आले, भाजी गॅसवर तशीच हाये!"

सकाळी साडेदहाला रेखा माझ्या खिडकीशी हजर. कागदपत्रं तपासली, शिक्का मारला, पावती दिली. शिक्का पडला तेव्हा बावणेंनी डोळे मिटले. मग म्हणाले, "चांडकभाऊ सांगत होते, एका सरायनं लय खटपट केली. कोन हायेत थे? पाया पडतो म्हटलं."

मी त्यांना स्टोअररूमकडे पाठवलं. दोन मिनिटांत ते परत. "थे सर म्हणे, यादी वैरागडेयनं टाइप केली, त्यायलेच भेटा." आणि मला कळायच्या आत तो मोठा माणूस खिडकीतून हात घालून माझा हात कपाळाला लावत होता. ज्या हातानं सात हजार स्पेस दाबल्या तोच. मी तावातावानं स्टोअररूमकडे गेलो, तर दार आतून बंद.

प्रवेश संपले. साइटला काही काम उरलं नाही, पण सर रोज दुपारी स्टोअररूममध्ये जाऊन त्या ओळी वाचू लागले. डबा खाता खाता मला सांगायचे. "आज कारंज्याहून तिघं आले." "समुद्रपूरहून एक होता. अर्ध्यातून गेला. काऊन गेला असंन?" त्यांचं गाव समुद्रपूर तालुक्यातच, गिरडजवळ. आई होती तोवर ते दर शनिवारी जायचे, हे मला शिपायाकडून कळलं. ती गेल्याला चार वर्षं झाली होती. त्यानंतर ते शनिवारीही वर्ध्यातच असायचे. त्यांच्या खोलीवर कधी कोणी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली. कॉलेज बंद. स्टोअररूमची किल्ली सरांकडेच होती, आणि ते सुट्टीतही जाऊन बसतात, हेही शिपायानंच सांगितलं होतं. लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी सामान आणायला चौकात गेलो होतो. इंटरनेटचं दुकान उघडं दिसलं. आत गेलो, तिसऱ्या कॉम्प्युटरवर बसलो आणि कॉलेजची जुनी यादी उघडली. बघायचं काहीच नव्हतं. सुट्टीत दुसरं कोण ती उघडणार, मग सर वाचणार काय, एवढंच मनात होतं. पूर्ण पान उतरेपर्यंत थांबलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. बायकोनं विचारलं, तिला सांगितलं बॅटरीचे सेल आणायचे होते.

पाचव्या दिवशी यादी उतरली, आणि शेवटच्या नावाच्या खाली एक ओळ होती. तिथल्या मशीनवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून रोमन लिपीत लिहिलेली. मी ती एकेक अक्षर लावत वाचली.

"वैरागडे, रोज येता आन् लगेच जाता. बसत जा थोडं."

दुकानवाला मागून म्हणाला, "झालं का भाऊ? बंद करू?"

"नाई," मी म्हटलं. "राहू द्या सुरू. आज जरा बसतो."